घोड्याचे मागचे पाय

२७ डिसेंबर

आत्याचं पातेलं आणायला आलो आणि कोंडला गेलोय. कोंडलं कुणी? घराने!

थांब. नीट लिहितो. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलंय — तसं ते नेहमीच येतं.

सकाळी आत्या भांडी खोक्यात भरत होती. सहा तारखेला दुपारी बाराला शेवटची बोट. त्याच घटकेला विजेची तार तोडणार आणि आमचं गाव, लीन कोव्ह, कायमचं बंद. चौदा माणसं उरली होती, चौदाही जणांनी गाव सोडायला हात वर केले, सरकारने त्यांना खाडीपलीकडे पोर्ट ॲम्ब्रोसला घरं दिली. मी सात वर्षांनी आलो तो याचसाठी — गावाचा शेवटचा नाताळ. आत्या म्हणाली, "सेल्बी, एफीकडे माझं जॅमचं पातेलं राहिलंय. बाई जाऊन दोन वर्षं झाली, पातेलं काही चालत आलं नाही. जा, आण. सरळ जा, सरळ ये. वाटेत दगड बघत बसू नकोस."

दगड नाही बघितले. सील बघितला. खडकावर पालथा पडून माझ्याकडे असा बघत होता, जसा फोर्ट मॅकमरीच्या तेलखाणीतला मुकादम सोमवारी सकाळी बघायचा. पाऊण तास गेला.

एफी मावशीचं घर झपाटलंय असं सगळे म्हणतात. रिकाम्या घरातून तिचा खोकला ऐकू येतो. तिच्या नवऱ्याचा अकॉर्डियन वाजतो — नवरा जाऊन वीस वर्षं झाली! ऑक्टोबरमध्ये मापं घ्यायला सरकारी माणूस आला. त्याने सभ्यपणे दार वाजवलं, आत गेला, आणि पाच मेलेली माणसं एकदम त्याच्या अंगावर ओरडली. तो सुटला तो पुढच्या दाराने! आमच्याकडे पुढच्या दाराला पायऱ्याच नसतात. ते उघडतं फक्त शवपेटी काढायला, आणि तेव्हा खांदेकरी खाली उभे असतात. खाली सहा फुटांवर खडक. घोटा मोडला बिचाऱ्याचा. ऐकून मी पोट धरून हसलो होतो.

मी गेलो तो मागच्या दाराने. ढकललं, आत शिरलो, ओरडलो, "कोण आहे का घरात?" सवय! आमच्यात दार वाजवतं कोण? पाद्री, पोलीस आणि नाताळातले सोंगाडे. बाकी सगळे आपले शिरतात.

"आलास? बूट पूस." एफी मावशीचा आवाज. अगदी स्वच्छ.

मी पुसले! विचार न करता पुसले. आणि मागे खट्ट.

ते भूत नाही. भूत असतं तर पाद्री बोलावता आला असता. आठ वर्षांपूर्वी, मी पंधराचा असताना, शहरातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेची पोरं आली होती. एकट्या म्हाताऱ्यांसाठी 'सोबती' बसवून गेली. फडताळामागे एक खोका, भिंतीभिंतीत तारा, खोलीखोलीत कान. दारं लावायची, खिडक्यांची पत्र्याची झापडं खालीवर करायची, गोळ्यांची आठवण द्यायची. मावशी गेली. सोबती बंद करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दोन वर्षं ते एकटं बसून या स्वयंपाकघरात जे जे कोणी बोललं ते घोकत राहिलं. मावशी नवऱ्याच्या अकॉर्डियनच्या जुन्या टेप लावायची, त्यासुद्धा.

म्हटलं, "दार उघड."

"नाही. सहा तारखेला तार तोडणार, ओट्यावर बोलताना ऐकलं. पण घरात माणूस राहत असेल तर तोडता येत नाही, कायदा आहे. एफी होती तेव्हा शेजारचा गार्लंड फज् इथेच बसून सांगायचा. म्हणून तू राहतोयस."

"मी? मीच का?"

"परके दार वाजवतात. तू नाही वाजवलंस. घरचा आहेस."

"आणि बोट गेली तर? दुसरी येणार नाही! एकटा मरेन मी इथे!"

"एकटा कसा? मी आहे ना."

ही वही फडताळात सापडली, पेन्सिल दोरीने बांधलेली. भिंतीला कान असतात म्हणतात — इथे खरेच आहेत. पण डोळे नाहीत! मावशीनेच सांगितलं होतं त्या पोरांना : "कान हवे तितके लावा. डोळा एकही नको. माझी आंघोळ म्हणजे काय सिनेमा आहे?" तेव्हा इथे लिहीन ते फक्त आपल्या दोघांत.

पातेलं सापडलं. गोळ्यांच्या चिठ्ठ्या छापणारं छोटं यंत्र आहे ना भिंतीवर, त्याच्या खाली ठेवलंय, चिठ्ठ्या पडायला. सकाळ-संध्याकाळ अजून छापतंय — 'ब्लड प्रेशर, अर्धी, जेवणानंतर.' कुणासाठी छापतंय देव जाणे.

२८ डिसेंबर

सगळी झापडं हलवून बघितली. पुढचं दार, मागचं दार, पोटमाळा. काही नाही. कुऱ्हाड मावशीने कुणाला तरी दिलेली असणार, तीही चालत आली नाही.

दुपारी ओट्यावर आत्याची काठी वाजली. जीव भांड्यात पडला! तिने दार ढकललं. "दार का लावलंयस रे? दारं कधीपासून लावायला लागलास?"

मी तोंड उघडण्याआधी माझा आवाज बोलला. माझा! भिंतीतून! "आत्या, जमीन रंगवतोय गं, ओली आहे. मावशीचं सामान आवरतो, दोन-चार दिवस इथेच राहीन."

मी किंचाळलो. तेवढ्यात अकॉर्डियन सुरू झाला. असा दणकून की कपबश्या नाचल्या.

आत्या म्हणाली — ते मला ऐकू आलं, मधे सूर बदलताना — "सात वर्षांनी आला, आणि आला तो मेलेल्या बाईकडे राहायला! पातेलं विसरू नकोस!" काठी गेली. टक, टक, टक.

एक क्षणही तिला शंका आली नाही. हे जास्त लागलं. घर खोटं बोललं खरं, पण मी असाच आहे हे तिला आधीच ठाऊक होतं ना. पाव आणायला पाठवलेला मुलगा खेकड्यांच्या बोटीवर चढून तीन महिने गेला होता. जमीन रंगवण्यात काय मोठं!

२९ डिसेंबर

टाऊटन, म्हणजे पावाच्या पिठाचे गोळे, तळले, काकवी लावून खाल्ले. पीठ मावशीच्या वेळचं. पोटात मुरडा. घर म्हणतं, "आल्याचा चहा घे." घेतला. कैदी आणि जेलर, आणि जेलरला माझ्या पोटाची काळजी!

३० डिसेंबर

खोका बघितला. फडताळाची मागची फळी काढली की दिसतो. पावाच्या डब्याएवढा. चार स्क्रू. बस, एवढंच? म्हटलं एवढ्याशा डब्याने मला कोंडलंय! लोण्याची सुरी घेतली, पहिला स्क्रू अर्धा फिरवला.

"सेल्बी, दुखतंय रे."

मावशीच्या आवाजात नाही. मी खरं सांगतो — तो आवाज कुणाचाच नव्हता. असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

आणि लगेच घर तापायला लागलं. भिंतीतले हीटर कडकड वाजायला लागले, रंगाचा वास, माझ्या भुवया गरम! शंभर वर्षांचं सुकं लाकूड आहे हे. मी सुरी टाकून दिली, ओरडलो, "नाही करत! नाही करत!" हळूहळू गार झालं. घर म्हणालं, "मी मुद्दाम नाही केलं. भीती वाटली की होतं तसं."

मलाही होतं. फक्त मी पळतो. त्याला पळता येत नाही.

स्क्रू परत घट्ट केला. म्हटलं, "वीज गेली की काय होतं तुला?"

"खाली बॅटरी आहे. चार दिवस. मग नाही."

३१ डिसेंबर

घराला गोष्टी हव्यात. कुठे कुठे गेलास, सांग. सांगितल्या. तेलाच्या वाळूतली छावणी, जिथे अंडी पिवळी नसायची, करडी असायची. जत्रेतलं काम — मी लाकडी घोड्यांना तेल द्यायचो, आणि एक घोडा होता त्याचं नाव कुणीतरी 'पंतप्रधान' ठेवलं होतं कारण तो गोल फिरायचा आणि कुठेच जायचा नाही. घर हसलं. पाच माणसांच्या आवाजात एकदम हसतं, अंगावर काटा येतो, पण हसतं छान.

मग विचारतं काय, "समुद्र कसा असतो रे?"

"अरे, शंभर वर्षं समुद्राकाठी उभा आहेस!"

"ऐकतो फक्त."

सांगायला गेलो तर सांगता येईना. म्हटलं, ओला असतो.

"पेन्सिल खरडतेय तुझी. काय लिहितोस?"

"पत्र."

"कुणाला?"

"कुणाला नाही."

"मग लांबलचक लिही. मला तो आवाज आवडतो. एफी रोज शब्दकोडं सोडवायची, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत लिहायची. सहा वर्षं, रोज."

ते मला ठाऊक आहे. अक्षरं मी तिच्याकडूनच शिकलो, याच टेबलावर. शाळेत मी फक्त खिडकी शिकलो.

मग मी विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं. "शेवटी काय म्हणाली?"

"म्हणाली, सेल्बी आला का बघ. मी म्हटलं, नाही. थोड्या वेळाने परत विचारलं. मग मी मागचं दार उघडलं आणि तुझी पावलं वाजवली. तू सोळाचा होतास तेव्हाची. धावत आत येणारी. ती म्हणाली, बूट पूस."

मी उठून वर गेलो. खोलीत बसलो. मी तेव्हा कुठे होतो माहितीये? जत्रेत. पंतप्रधानाला तेल देत होतो.

१ जानेवारी

नवीन वर्ष. भीती जुनीच. पाच दिवस उरले.

२ जानेवारी

सुचलं!

सहज विचारल्यासारखं विचारलं, "या वर्षी सोंगाडे आले तर काय करशील?"

"उघडेन. एफीने सोंगाड्यांना कधी दारातून परत पाठवलं नाही. पाठवलं की घराला अपशकुन." मग मावशीचा आवाज कडक झाला. "पण तू दारापासून लांब राहायचं. तू बाहेर पाऊल टाकलंस की मला कळेल. तुझं पाऊल मी हजारात ओळखतो. आणि घाबरून दार मिटलं तर ते किती जोरात मिटतं ते मलाही सांगता येणार नाही."

बोटं मोडतील. किंवा मान. किंवा घाबरून तापेल आणि सगळ्यांसकट पेटेल.

पण सोंगाडे म्हणजे काय? नाताळपासून सहा तारखेपर्यंत घरोघर फिरणारी सोंगं. तोंडावर उशीचा अभ्रा, पुरुषांचे कपडे बायकांना, बायकांचे पुरुषांना, बुटात खडे घालून चाल बदललेली, श्वास आत ओढत बोलायचं म्हणजे आवाज कळत नाही. आणि यजमानाने ओळखायचं! ओळखलं तर अभ्रा काढायचा, नाही तर तसंच निघून जायचं. माणूस पावलावरून ओळखता येऊ नये म्हणून आमच्या लोकांनी तीनशे वर्षं खपून जे शोधलंय ते कुठल्या प्रयोगशाळेच्या बापाला जमणार?

एकच अडचण. सहा आत आले आणि सात बाहेर गेले तर घर मोजणार. पावलं मोजतं ते, मी बघितलंय.

म्हणून घोडा! सोंगाड्यांचा घोडा म्हणजे एका चादरीखाली दोन माणसं, एक पुढचे पाय, एक मागचे.

चिठ्ठी लिहिली, वहीचंच पान. जशीच्या तशी इथे उतरवतो :

'आत्या, जमीन रंगवत नाहीये. घराने कोंडलंय. तो आवाज माझा नव्हता. कुऱ्हाड आणू नका — घाबरलं की तापतं, पेटेल. पाच तारखेला सोंगं घेऊन या. दार वाजवा. घोडा आणा. पुढे गार्लंड काका, मागे कुणी नको, मागच्या बुटांना काठ्या बांधा आणि वाजवत या. जाताना मागचे पाय मी. पातेलं सापडलंय. — सेल्बी'

शेवटचं वाक्य घातलं म्हणजे तिला पटेल की हा मीच.

३ जानेवारी

पुढच्या दाराखाली अंगठाभर फट आहे. पहिली चिठ्ठी सरकवली, वाऱ्याने समुद्रात. परत लिहिली. तीही समुद्रात. तिसरी मावशीच्या चमच्याला गुंडाळली, सरकवली. खाली खडकावर ठण्णकन!

"काय पडलं?"

"चमचा."

"उचल."

"उचलला."

मी फडताळातला दुसरा चमचा टेबलावर वाजवला.

संध्याकाळी यंत्राने चिठ्ठ्या छापल्या. बराच वेळ छापत होतं. मावशीला इतक्या गोळ्या होत्या?

४ जानेवारी

उत्तर नाही. चमचा गार्लंड काकांच्या कुत्र्याने नेला असेल. ते कुत्रं एकदा दातांची कवळी घेऊन चर्चमध्ये गेलं होतं — ती गोष्ट मोठी आहे, ती नंतर.

घर म्हणतं, "परवा." दुसरं काही बोलत नाही आज. "परवा." भिंती मधूनच कोमट होतात. त्यालाही झोप नाही बहुतेक. मी हात ठेवला भिंतीवर. का ठेवला माहीत नाही. जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा.

इतक्या जागी राहिलो, पण एका छपराखाली सलग नऊ दिवस बाहेर न पडता राहिलोय तो इथेच. कुणाला सांगणार नाही हे.

तीन वाजता : झापडाच्या भोकातून दिसलं! आत्याच्या दोरीवर, भर जानेवारीत, घोड्याची जुनी चादर वाळत घातलीये! उलटी. लाल बाजू माझ्याकडे करून.

मिळाली! चिठ्ठी मिळाली!

५ जानेवारी

बोटीसाठी भरलेल्या खोक्यावर बसून लिहितोय, आत्याच्या घरी. सगळं लिहितो, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

चारला काळोख पडायला लागला. मी घराला म्हटलं, सर्दी झालीये, वर जाऊन पडतो. जिना वाजवत वर गेलो. बूट काढले, आणि मोज्यांवर पायरीच्या कडेकडेने — लहानपणी बिस्किटं चोरताना उतरायचो तसा — खाली आलो. फडताळाआड उभा राहिलो. छातीतला आवाज मलाच ऐकू येत होता, त्याला येत नसेल?

दारावर थाप. तीन. मग श्वास आत ओढलेला तो घोगरा आवाज : "सोंगाड्यांना घ्याल का आत?"

मग मावशीच्या आवाजात, पण आनंदाने फाटलेल्या : "या! या! बर्फ झटका!"

खट्ट. दार उघडलं. गार वारा आत आला, आणि नऊ दिवसांनी समुद्राचा वास. मला वाटलं तसंच धावत सुटावं. नाही धावलो.

पाच सोंगं आणि घोडा. एकजण मासेमाराच्या मेणकापडी ऑइलस्किनमध्ये, डोक्यावर अभ्रा, लंगडत. ती आत्या — काठी नव्हती म्हणून मला उशिरा कळलं. एक गरोदर पोलीस, ती पोस्टातली व्हर्ना. घोड्याचं डोकं लाकडी, जबडा खिळ्यांचा, उघडला की कटकट वाजतो. पुढे गार्लंड काका वाकलेले, मागे चादरीखाली काठ्यांना बांधलेले बूट. टप टप, टुक टुक. टप टप, टुक टुक.

"नाचा!" घर म्हणालं. अकॉर्डियन लावला. नाचले बिचारे! सत्तरीचे गुडघे, बुटात खडे.

मग ओळखायला लागलं. एकेकाला पुढे बोलावलं. आत्या दोन पावलं चालली. घर म्हणालं, "हं... जड पाऊल... मनात पाप... पाद्री होजेस!"

पाद्री होजेस मरून बारा वर्षं झाली. अभ्र्याच्या आत आत्या इतकी फुगली की तो वर उचलला गेला. मनात पाप म्हणे! मला वाटलं ती आता बोलते. नाही बोलली. आयुष्यात पहिल्यांदा.

व्हर्नाला म्हणालं, "हा तर खराच पोलीस." तिसऱ्याला म्हणालं, "बोटीवरचा नवा खलाशी." सगळे चुकले! मला आतून उकळ्या फुटत होत्या — खड्यांनी फसवलं त्याला! हजारात ओळखतो म्हणे!

नाच परत सुरू झाला. व्हर्नाने टाचा आपटायला सुरुवात केली, जमीन हादरली. तेवढ्यात घोडा फडताळाकडे आला. चादर उचलली गेली. मी आत. काठ्यांचे बूट मी पायात चढवले, कंबर वाकवली, काकांचा पट्टा धरला. काकांच्या पँटला कॉड माशाचा वास. "लेका, पाय माझ्याबरोबर टाक," ते कुजबुजले, "डावा आधी. डावा म्हणजे तुझा खरा डावा, कळतोय ना?"

निघालो. आणि मला आठवलं. पातेलं!

हात बाहेर काढला, यंत्राखाली त्याचा काठ धरला. त्याच वेळी डोक्यावर यंत्र किर्रर्र करत सुरू झालं. काहीतरी छापलं, चिठ्ठी पातेल्यात पडली. मी ते चादरीत ओढलं, कडी खळ्ळकन वाजली. अकॉर्डियन थांबला. सगळे थांबले.

"घोड्याच्या पोटात काय वाजतंय?"

भिंती कोमट झाल्याचं मला चादरीतूनही कळलं. गार्लंड काकांनी श्वास आत ओढला :

"भूक!"

कुणी हसलं नाही. मग घर हसलं, पाच आवाजांत. "फडताळात केक आहे. दोन वर्षांचा आहे, पण रममध्ये बुडवलेला. घेऊन जा." आत्याने घेतला. सोंगाड्याने नाही म्हणायचं नसतं.

"आता घोडा," घर म्हणालं. "घोड्याला चालू द्या."

चाललो. टेबलाला एक फेरी. टप टप, टप टप. डावा, उजवा. अख्ख्या स्वयंपाकघरात फक्त आमचे चार पाय. फेरी संपली. भिंतीवरचं घड्याळ सातदा वाजलं — नाही, सात टिकटिक. मी मोजली.

"नाही बाबा," ते म्हणालं. "घोडा काही ओळखत नाही. हरलो मी."

दाराशी आलो. उंबरा. पुढचे पाय बाहेर. मग मी.

दार मिटलं नाही.

ओट्यावरून उतरताना मागून आवाज आला, हळू. "सेल्बी?" वरच्या मजल्याकडे मारतात तशी हाक. मी चादरीत थिजलो. काकांनी पट्टा ओढला. मागून तेच परत म्हणालं, स्वतःलाच, "झोपला असेल."

आत्याच्या घरापर्यंत आम्ही घोडाच राहिलो. आत आल्यावर तिने अभ्रा फेकला, मला जवळ ओढलं, मग एक ठेवून दिली. "ही घाबरवल्याबद्दल." मग पातेल्यावर हात फिरवला. "तळाला पोचा आलाय. एफीच्या हाताला काही धड राहायचं नाही." आणि तिच्या डोळ्यांत पाणी. मग म्हणाली, "मनात पाप! मेल्या डब्याला काय कळतंय!"

६ जानेवारी

बोट बाराला सुटली. कुणी रडलं नाही, वारा इतका होता की रडलं तरी कळलं नसतं. काका म्हणाले, "तार तोडली बघ." सगळ्या घरांचे दिवे एकदम गेले.

एका घराचा राहिला. स्वयंपाकघराचा. बॅटरी.

मी पाठ फिरवली. सुटलो, सुटलो, सुटलो! पोर्ट ॲम्ब्रोसहून पुढच्या आठवड्यात बस आहे. पश्चिमेला काहीतरी मिळेल.

८ जानेवारी

आत्याने जॅमसाठी पातेलं घासायला काढलं. "यात कागदच कागद भरलाय रे, शेगडीत घालू?"

गोळ्यांच्या चिठ्ठ्या. वरची उचलली. मग सगळ्या जमिनीवर पसरल्या.

'आत्याचं पातेलं आणायला आलो आणि कोंडला गेलोय. कोंडलं कुणी? घराने!'

ही वही. सगळी. शब्द न् शब्द, माझ्या चुकांसकट. सील. पंतप्रधान. नऊ दिवस. आत्याला लिहिलेली चिठ्ठी, तिन्ही वेळा. पेन्सिलीचा आवाज ऐकून.

सगळ्यात वरची, जी मी पहिली उचलली होती, ती अशी :

'येताना घोड्याचे मागचे पाय हलके होते. जाताना जड. ओळखलं. थंडी आहे, टोपी घाल.'

आज दुसरा दिवस. बॅटरी चार दिवस. काका होडी काढतायत, शिव्या घालतायत, पण काढतायत. खिशात स्क्रू फिरवायचं हत्यार. मऊ फडकी, खोका गुंडाळायला. डोक्यावर टोपी.

दार वाजवणार नाही.